तेलातले लाडू

पोराला हात लावायच्या आधी ती आपले दोन्ही तळवे स्वतःच्या गालांना लावून बघायची. गार लागले की चोळायची, परत गालांना लावायची. पोर तोपर्यंत घर डोक्यावर घ्यायचं, पण हिला घाई नाही. गालाला ऊब लागली की म्हणायची, "हां, आता द्या साहेबांना." तिच्यासाठी प्रत्येक पोरगा साहेब आणि प्रत्येक पोरगी मॅडम. "काय साहेब, ड्युटी झाली का? लंगोट भरून रिपोर्ट दिला का?" साहेब तिच्या पायांवर पालथे पडले की गप्प.

तुमच्याही घरी अशी एखादी येऊन गेली असेल. बाळ-बाळंतिणीला चोळणारी, न्हाऊ घालणारी. आमच्याकडे कळव्याला ती शहाडवरून यायची. तिला नाव होतं, पण बिल्डिंगीत सगळे मालीशवाली बाईच म्हणायचे. मीही इथं नाव लिहीत नाही. ज्या नावाला मी स्वतः काळं फासलं ते आता कुठल्या तोंडानं लिहू?

मी चौथी शिकलेला माणूस. कोलशेतला एका कंपनीत बॉयलरवर एकतीस वर्षं काढली. गोडगोड लिहिणं मला येत नाही. बायको गेल्याला वर्ष झालं. ती जाता जाता जे सांगून गेली त्यानं माझी झोप गेली, म्हणून लिहायला बसलोय. दोन बायकांनी मिळून मला फसवलं. त्यातली एक माझी बायको आणि दुसरी ही बाई. आणि गंमत बघा, आता रडू येतं ते दोघींसाठीच.

तिची कामाची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी येताना ती काखेत एक बुटका पाट घेऊन यायची. त्यावर बसून पाय लांब करायचे, पायांवर पोर. काम चालू असेपर्यंत पाट त्या घरीच राहायचा. शेवटच्या दिवशी बाळाच्या आईनं त्या पाटाला कुंकू लावायचं, वर नारळ ठेवायचा, मग बाई पाट उचलून घेऊन जायची. "माझा पाट जिथं, तिथं माझं काम चालू," असं म्हणायची. मध्येच कोणी पाट हलवला तर चिडायची. "उठवताय का मला?"

पाणी ती कोपर बुडवून बघायची. मी म्हणायचो, "बाई, मला विचारा. टेंपरेचर मी नुसतं वाफ बघून सांगतो."

"भाऊ, तुमच्या बॉयलरला आई नसते," ती म्हणायची आणि अजून तांब्याभर गार पाणी ओतायची.

मग मोरीचं दार लोटायची. "वारा नको." आत ती, माझी बायको, बाळंतीण आणि बाळ. बाहेर मी, पेपर घेऊन. आतून हसण्याचा आवाज, कुजबुज, पाण्याचा आवाज. त्या दाराआड काय बोलणं चालायचं ते मला आयुष्यभर कळलं नाही.

आमची मुलगी वैशाली. तिच्या वेळेला हीच बाई होती. आणि वैशूच्या आधी आम्हाला एक मुलगा झालेला, त्याच्याही वेळेला तीच. तो चार महिन्यांचा होऊन गेला. त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलायचं नाही. मी तर नाहीच.

आठ वर्षांपूर्वी वैशू पहिल्या बाळंतपणाला डोंबिवलीहून आमच्याकडे आली. मुलगा झाला. बाई आता म्हातारी झालेली, पण हात तसेच. काखेत तोच पाट. मला बघून म्हणाली, "काय भाऊ, आजोबा झालात. आता तरी बिडी सोडा." मी सोडली नाही, पण जिन्यात जाऊन ओढायला लागलो.

दीड महिना सगळं ठीक होतं. मग पोराच्या गालांवर रव्यासारखं पुरळ आलं. पोट फुगायचं, दूध पिऊन झालं की पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं. माझी बायको म्हणाली, गुटीचे दोन वेढे वाढवते. बाईनं पोराच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग म्हणाली, "नाय वहिनी. गुटी नको. पोट खोटं बोलत नाय. पोट काहीतरी सांगतंय."

पोट खोटं बोलत नाय, हे तिचं नेहमीचं. पोर रडतंय ते ढोंग असेल, भूक असेल, लाड असतील, पण पोट कडक असेल तर ती हसणं बंद करायची.

दोन दिवसांनी तिनंच लंगोट उजेडाला धरून मला दाखवला. हिरवट, चिकट, आणि त्यात लाल दोऱ्यासारखं काहीतरी. "भाऊ, हे माझ्या हातचं काम नाय. आजच्या आज डॉक्टर गाठा." दुसरी एखादी असती तर चार झाडपाल्याची औषधं सांगितली असती.

ठाण्याला लहान मुलांचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पोर तपासलं, वजन केलं, वैशूला शंभर प्रश्न विचारले. मग म्हणाले, "गाईम्हशीच्या दुधाची ॲलर्जी असावी असा संशय आहे. आई जे खाते त्यातलं थोडं तिच्या दुधातून बाळाला जातं."

मी विचारलं, "म्हणजे अंगावरचं दूध बंद करायचं?"

"नाही काका. आईचं दूध अजिबात बंद करायचं नाही. आईनं दुधाचं खाणं बंद करायचं. दूध, दही, ताक, पनीर, लोणी, तूप, मिठाई, बिस्किटं, सगळं. दोन ते चार आठवडे. आराम पडला तर मी सांगेन तेव्हा परत सुरू करून बघू, म्हणजे खात्री होईल." वैशूला कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

माझी बायको परत येताना रिक्षात म्हणाली, "तूप कुठं दूध असतं? ते तर आगीतनं गेलेलं असतं."

वैशू म्हणाली, "आई, डॉक्टरांनी तूप म्हटलंय."

"बरं बाई," ही म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी शिस्त म्हणतो. वैशूनं फ्रीजला एक कागद चिकटवला. डाव्या बाजूला तिनं काय खाल्लं, उजव्या बाजूला पोराच्या लंगोटात काय आलं. पाकिटांवर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्यात दूध कुठल्या कुठल्या नावानं लपलेलं असतं ते तिनं मला एका चिठ्ठीवर लिहून दिलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षराशी अक्षर जुळवता येतं. मी चष्मा लावून दुकानात उभा राहायचो, एका हातात चिठ्ठी, एका हातात पाकीट. दुकानदार म्हणायचा, "काका, बिस्किटाची पत्रिका जुळवताय का? गुण किती आले?" ब्रेड, टोस्ट, सूप, फरसाणसुद्धा मी सोडलं नाही. कळव्याच्या बाजारातलं प्रत्येक पाकीट मी तपासलं. माझ्या स्वयंपाकघरातला एक डबा सोडून.

बाईला मी स्वतः बजावलं. पोराच्या अंगाला ती साय आणि डाळीचं पीठ लावायची, ते बंद. नुसतं तेल. ती म्हणाली, "बंद म्हणजे बंद." आणि त्या दिवसापासून तिनं आमच्या घरी दुधाचा चहासुद्धा घेतला नाही. बायको कप पुढे करायची तर म्हणायची, "लेक घेत नाय, माझ्या घशाखाली कसा जाईल? कोरा द्या." पुढचे तीन आठवडे ती आमच्याकडे कोराच चहा प्यायली. हे मला तेव्हा दिसत होतं. डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात गेलं नाही.

लाडवांचं काय करायचं हा प्रश्न आला. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तुपाशिवाय कसे करणार? माझी बायको कोकणातली. ती म्हणाली, "मी खोबरेल तेलात करते. गावाहून घाण्याचं आलंय ना." वैशूनं तिला मिठीच मारली. लाडू झाले. खोबऱ्याचा वास घरभर. मीही एक तोंडात टाकला. बिडीनं माझी जीभ कधीच गेलेली, मला ना तेल कळलं ना तूप. वैशू रोज सकाळी दोन खायची आणि कागदावर लिहायची, 'लाडू, तेलातले'.

एक आठवडा गेला. दोन गेले. पुरळ तसंच. लाल दोरे एखादा दिवस नसायचे, परत यायचे. तिसऱ्या आठवड्यात पोराचं वजन हवं तेवढं वाढलं नाही. जावयाचा फोन आला की वैशू दुसऱ्या खोलीत जायची आणि डोळे पुसत बाहेर यायची. तो बिचारा काही वाईट बोलत नव्हता. "डब्याचं चालू करू, तुझे हाल बघवत नाहीत," एवढंच म्हणत होता. पण तिला तेच लागत होतं.

डॉक्टरांनी कागद बघितला, वरपासून खालपर्यंत. म्हणाले, "तुम्ही तर सगळं पाळताय. मग कुठून जातंय? घरातलं कोणी नकळत काही देतंय का, काही लावतंय का, नीट बघा. अजून एक आठवडा थांबू. नाहीतर तुमचं दूध काही दिवस थांबवून वेगळं डब्याचं द्यावं लागेल."

रिक्षात वैशू पोराला पदराखाली घेऊन बसलेली. म्हणाली, "बाबा, माझ्याच दुधानं त्याला त्रास होतोय. मी पाजू तरी कसं त्याला?"

आत प्रेशर चढत होतं. घरातलं कोणी, डॉक्टर म्हणाले. मी मोजलं. मी, माझी बायको, वैशू. तिघं रक्ताचे. चौथी बाहेरची. संशय घ्यायला माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मोरीत पाणी काढत होती. तिची कापडी पिशवी दाराबाहेर खुंटीला होती. मी ती उतरवली आणि उघडली. तेलाची बाटली, जुनं मऊ लुगडं, आणि तळाशी एक स्टीलची डबी. डबी उघडली तर साय. घट्ट, पिवळसर साय. बाजूला कागदात डाळीचं पीठ.

मी ती डबी तिच्यापुढे आपटली. साय पाटावर सांडली. "हे काय आहे?"

ती डबीकडे बघत राहिली. "भाऊ, हे पुढच्या घरचं. इथून मागच्या बिल्डिंगीत जाते ना मी, त्या मॅडमना लावायला."

"खोटं बोलू नकोस! माझ्या नातवाच्या आतड्यातनं रक्त येतंय आणि तू साय चोपडतेस? तीन आठवडे आम्ही काय झक मारली?"

वैशू पोराला घेऊन दारात आली. मागे माझी बायको, हातात उलथनं. शेजारची दोन दारं उघडली. मी अजून बरंच बोललो. ते लिहिण्यासारखं नाही. तुझ्या हाताखालून माझा पहिला मुलगाही असाच गेला, असं म्हणालो. एवढं मात्र लिहितो, कारण ते मी बोललोय.

बाईनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या बायकोकडे बघत होती. बायको म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना, तिला नका बोलू." इतकंच. खाली बघून.

बाईनं पदरानं पाट पुसला. लुगडं घडी करून पिशवीत ठेवलं. मग वैशूच्या जवळ गेली, सवयीनं तळवे गालाला लावले, पण पोराला हात लावला नाही. हात खाली घेतले. मला म्हणाली, "पोट खोटं बोलत नाय, भाऊ. आता थांबेल बघा."

आता थांबेल! मी ओरडलो, "ऐकलं का सगळ्यांनी? आता थांबेल म्हणते! म्हणजे हीच करत होती!"

ती जिना उतरून गेली. गडबडीत पाट राहिला, असं मला वाटलं.

आणि थांबलं हो. दहा-बारा दिवसांत लाल दोरे गेले, पोट मऊ झालं, महिन्याभरात गाल लोण्यासारखे. वैशूचं दूध चालू राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं दोन दिवस दूध पिऊन बघितलं, तिसऱ्या दिवशी परत लाल दोरा आला. खात्री झाली, ॲलर्जी दुधाचीच. मी छाती काढून फिरलो. जिन्यात, वाण्याकडे, केस कापायला गेलो तिथं, सगळीकडे सांगितलं, बाईनं चोरून साय लावली आणि पोराचे हाल केले. माणसं ऐकतात. महिन्याभरात आमच्या आणि मागच्या बिल्डिंगीतली तिची कामं सुटली. त्या मॅडमनासुद्धा दुसरी बाई यायला लागली.

एक गोष्ट तेव्हाच कळायला हवी होती. बाई गेल्यावर माझ्या बायकोनं लाडवांचा नवा घाणा केला. ते लाडू हातात घेतले की फुटायचे. वैशू म्हणाली, "आई, या वेळचे बिघडले गं." ही म्हणाली, "हो, बिघडले." पुढं वैशूच्या मैत्रिणी कृती विचारायला लागल्या. वैशू सगळ्यांना सांगायची, आईच्या तेलातल्या लाडवांनी माझं दूध टिकलं. ही म्हणायची, "अंदाजानं केलेत," आणि उठून आत जायची.

पाट मी दोनदा टाकायला काढला. दिवाळीच्या साफसफाईत. दोन्ही वेळेला हिनं माझ्या हातातून घेतला. "असू दे. लागेल." मोरीच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला.

नातू मोठा झाला. वर्षाचा होता होता डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू दुधाचं सुरू केलं. आता दुसरीत आहे, श्रीखंड वाटीनं खातो.

गेल्या वर्षी माझी बायको आजारी पडली आणि उठली नाही. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो. तिनं माझं मनगट धरलं.

"ती बाई नव्हती हो."

"कोण बाई?"

"मालीशवाली. तूप मी घालत होते. लाडवात. वरनं खोबरेलचा हात. आणि बेरीही घालायचे, कढवलेल्या तुपाखाली उरते ती. शक्ती असते म्हणून."

मी चमचा हातात धरून बसलो.

"मला वाटलं, तुपानं काय होतंय. माझी लेक कोरडं खाऊन पाजतेय, मला बघवत नव्हतं. पहिल्याच्या वेळी तुमच्या आईनं मला कोरडं ठेवलं. माझं दूध गेलं. तो गेला. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. मग लेकीच्या वेळेला मी कुणाचं ऐकू?"

"आणि बाईला माहीत होतं?"

"तिला वैशूच्या बोटांना तुपाचा वास आला. मला म्हणाली, वहिनी, बंद करा. मी तिला पोराची शपथ घातली. म्हटलं लेकीला कळलं तर ती परत माझ्या हातचं खाणार नाही. ती म्हणाली, मी नाय सांगणार, पण तुम्ही थांबवा. मी थांबवते म्हटलं, आणि नाही थांबवलं. मग तो दिवस आला, तेव्हा कुठं थांबवलं." तिला धाप लागली. "तिला जाऊन सांगा. माझ्याच्यानं नाही झालं."

सात वर्षं. रोज माझ्या ताटात वाढलं, माझ्या बाजूला झोपली, मी चारचौघांत त्या बाईला शिव्या देत होतो ते ऐकलं. तोंड उघडलं नाही. मी वाटी खाली ठेवली आणि उठलो. खाली जाऊन बाकावर बसलो, दिवेलागणीपर्यंत. वर भाची होती तिच्यापाशी. मी ठरवलं, आज बोलायचंच नाही हिच्याशी. हिला कळू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची वाचा गेली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

अबोला धरायला मला तेवढा एकच दिवस मिळाला, आणि तो मी धरला. पहिल्या मुलाचं ती म्हणाली ते खरं होतं.

दिवसकार्य झाल्यावर मी पाट काखेत मारून शहाडला गेलो. विचारत विचारत खोली सापडली. दारात बाईची सून भाजी निवडत बसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पाटाकडे.

"कळव्याचे का तुम्ही?"

"हो. बाई आहेत?"

"आई दोन वर्षांपूर्वी गेल्या."

मी तिथंच पायरीवर बसलो. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "कळव्याची कामं सोडल्यावर त्या इकडंच आसपास जायच्या. आम्हाला म्हणायच्या, गुडघे दुखतात, लांबचं नको. एकदा मी म्हटलं, आई, तुमचा पाट कुठाय? नवीन करून घेऊया. तर म्हणाल्या, पाट कळव्याला ठेवून आलेय. अजून काम संपलं नाय तिथलं. बोलावतील."

"रागावल्या नव्हत्या?"

"कोणावर?"

मी पाट पुढं केला. ती म्हणाली, "मी काय करू त्याचं? मी कारखान्यात जाते. तुमच्याकडेच असू द्या."

परत येताना मला राग आला, खोटं कशाला सांगू. मेलेल्या बाईवर राग. तीस वर्षं माझ्या घरात वावरलीस. पोरं तुझ्या पायांवर वाढली. मी आई-बहिणीवरून बोललो आणि तू ऐकून घेतलंस. एकदा सांगायचं होतंस, भाऊ, डबा उघडा! शपथेपायी माझ्या हातून स्वतःचा गळा कापून घेतलास. मग वाटलं, सांगितलं असतं तरी मी कुणाचं खरं मानलं असतं? बाहेरचीचं का बायकोचं?

हे मी पोटात ठेवूनही गेलो असतो. पण गेल्या महिन्यात वैशूचा फोन आला. तिला दिवस गेलेत, सातवा चालू आहे. म्हणाली, "बाबा, आई नाही तर मी तुमच्याकडे येऊन काय करू? इकडंच राहते. पण लाडवांचं बघा ना. इथं एक काकू करून देतात, त्यांना मी आईच्या लाडवांचं सांगितलंय. या बाळालाही तसंच झालं तर पहिल्यापासून तेलातलेच खाईन. आईनं प्रमाण कुठं लिहून ठेवलंय का? आणि त्या बाईसारखी कोणी मात्र घरात नको."

मी म्हटलं, "वैशू, ते लाडू तेलातले नव्हते."

मग सगळं सांगितलं. तूप, बेरी, शपथ, शहाड. ती मध्ये एकदाच बोलली. "बाबा, आई नाहीये आता. तिच्यावर कशाला घालताय?"

"तिनंच सांगितलं मला."

"मला का नाही सांगितलं? माझं पोर होतं. मी रोज कागदावर लिहीत होते, तेलातले, तेलातले." तिचा आवाज फाटला. "माझ्या आईनं मला फसवलं?"

"हो," मी म्हणालो. दुसरा शब्द मला येत नव्हता. फोन बंद झाला.

चार दिवस तिनं फोन उचलला नाही. मला वाटलं, झालं. मेलेलीही गेली आणि जिवंतही गेली. पाचव्या दिवशी सकाळी तिचाच फोन.

"बाबा, तो पाट आहे ना अजून?"

"आहे."

"टाकू नका." मग म्हणाली, "बाळंतपणाला मी तिकडंच येते. त्यांना नारळ द्यायचा राहिलाय माझा."

मी पाट मोरीतून काढला. घासला. पोरांना न्हाऊ घालून घालून मध्ये खळगा पडलाय त्याला, आणि एका कडेला सांडलेल्या सायीचा तेलकट डाग अजून आहे, तो निघत नाही. गॅलरीत उन्हाला ठेवलाय. वैशू येईल, कुंकू लावेल, नारळ ठेवेल. मग पद्धतीप्रमाणे पाट उचलून न्यायचा असतो. तो न्यायला आता कोणी येणार नाही.